चौकटीच्या आत आणि बाहेर

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा दिवस असतो. वर्गाचे छायाचित्र काढावयाचे म्हणून छायाचित्रकार आपला कॅमेरा तिपाईवर बसवितो. मुले धावत येतात आणि मिळेल तेथे उभी राहतात; परंतु तेवढ्याने त्याचे समाधान होत नाही. उंच मुलांना तो मागील बाकावर चढवितो, लहानांना पुढे सतरंजीवर बसवितो. कोपऱ्यात राहून गेलेली बादली दूर ठेवावयास सांगतो. मग तो अदबीने म्हणतो, "गुरुजी, आपण हातभर डावीकडे सरकावे." गुरुजी सरकतात. या विनंतीचे कारण मुलांना कळत नाही. गुरुजींच्या बरोबर मागे झेंड्याचा खांब होता. आणि छायाचित्रात तो खांब थेट त्यांच्या मस्तकातूनच उगवल्यासारखा दिसला असता!

तेथे प्रत्यक्ष उभ्या असलेल्या कोणालाही तो खांब खटकला नव्हता. मग चित्रात तो का खटकावा? याचे कारण डोळ्याच्या पाहण्यात आणि कॅमेऱ्याच्या पाहण्यात असलेल्या फरकात आहे. मनुष्याला दोन डोळे आहेत. त्यामुळे जवळची वस्तू कोणती आणि दूरची कोणती, हे त्याला सहज कळते. शिवाय डोळ्यांमागे मन असते. ज्याच्याकडे लक्ष आहे तेवढेच मन टिपते आणि बाकीचे सोडून देते. गर्दीत आई आपल्या मुलाला शोधते तेव्हा शेकडो चेहरे तिच्या डोळ्यांसमोरून जातात, तरी त्यांतला एकही तिला आठवत नाही. कॅमेऱ्याला मात्र एकच डोळा आणि मन तर मुळीच नाही. गुरुजी, खांब, बादली, भिंतीवरचा डाग, हे सारे तो सारख्याच निष्ठेने टिपतो आणि जवळचे व दूरचे एकाच कागदावर शेजारी शेजारी आणून ठेवतो. म्हणून कॅमेऱ्याला जे मन नाही, ते छायाचित्रकाराला पुरवावे लागते.

चित्रकाराचे काम कोऱ्या कागदापासून सुरू होते. त्याला जे हवे ते तो एकेक करून रेखाटतो. छायाचित्रकारापुढे मात्र जग आधीच काठोकाठ भरलेले असते. त्याला त्यातून नको ते वगळावे लागते. कोठे उभे राहावे, किती जवळ जावे, प्रकाश कोणत्या बाजूने घ्यावा, कोणत्या क्षणी कळ दाबावी आणि चौकटीच्या चार कडांनी कोणती वस्तू कोठे तोडावी, या प्रश्नांची उत्तरे त्याला क्षणार्धात द्यावी लागतात. या निवडीलाच छायाचित्राची रचना म्हणतात. पुढे चित्र छापताना किंवा प्रसिद्ध करताना तो पुन्हा एकदा निवड करतो. अनेक चित्रांतून एक उचलतो, कडा कापतो, कोठे उजेड वाढवितो, कोठे अंधार गडद करतो. हे झाले संस्करण. दोन्हींच्या मुळाशी विचार एकच असतो : काय ठेवावे आणि काय वगळावे?

हा विचार कसा चालतो, हे एका जगप्रसिद्ध छायाचित्राच्या हकिगतीवरून चांगले समजते.

१९२९ साली अमेरिकेत आर्थिक मंदीचे मोठे संकट कोसळले. त्यातच त्या देशाच्या मध्यभागातील मैदानी प्रांतांत अवर्षण पडले. हजारो शेतकरी कुटुंबे घरदार सोडून कामाच्या शोधात पश्चिमेकडील कॅलिफोर्निया राज्यात आली आणि शेतमजुरी करीत गावोगाव हिंडू लागली. डोरोथिया लँग ही त्या काळी सॅन फ्रॅन्सिस्को शहरात श्रीमंत लोकांची छायाचित्रे काढून चरितार्थ चालवीत असे. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिच्या एका पायात अधूपणा आला होता. मंदीच्या दिवसांत आपल्या खोलीच्या खिडकीतून तिला रस्त्यावरची बेकार माणसे दिसत. अखेर ती कॅमेरा घेऊन त्या रस्त्यावर उतरली. पुढे मजुरांची स्थिती चित्रांच्या रूपाने सरकारपुढे मांडण्याच्या कामावर तिची नेमणूक झाली.

१९३६ सालच्या मार्च महिन्यात असाच एक दीर्घ दौरा आटोपून ती मोटारीने घरी परतत होती. पाऊस पडत होता. निपोमो गावाजवळ 'वाटाणा तोडणाऱ्या मजुरांची छावणी' अशा अर्थाची एक पाटी तिला दिसली. ती न थांबता पुढे निघून गेली. परंतु ती पाटी काही मनातून जाईना. सुमारे वीस मैल गेल्यावर तिने गाडी वळविली आणि ती छावणीत आली. थंडीने वाटाण्याचे पीक गोठून गेले होते, त्यामुळे मजुरांना काम उरले नव्हते. एका फाटक्या तंबूत बत्तीस वर्षांची एक स्त्री आपल्या मुलांसह बसली होती.

लँगने तेथे सुमारे अर्धा डझन छायाचित्रे घेतली आणि प्रत्येक वेळी ती अधिकाधिक जवळ जात राहिली. दुरून घेतलेल्या चित्रात तंबू दिसतो, सामान दिसते, मोठी मुलगी दिसते. कुटुंब गरीब आहे हे त्यातून कळते. पण पाहणाऱ्याची नजर एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर भटकत राहते. शेवटच्या चित्रात तंबू जवळजवळ नाहीसा झाला आहे. मध्यभागी केवळ आईचा चेहरा आहे. दोन मुलांनी तिच्या दोन्ही खांद्यांवर मान टेकून तोंडे पलीकडे वळविली आहेत. मांडीवर तान्हे मूल निजले आहे. आईचा हात गालाशी आहे आणि तिची दृष्टी दूर कोठे तरी लागली आहे. मुलांचे चेहरे दिसले असते, तर पाहणारा त्यांच्याकडे पाहू लागला असता. ते झाकले गेल्यामुळे साऱ्या चित्राचा भार त्या एका चेहऱ्यावर आला आहे. आईची चिंता किती मोठी आहे, हे सांगावयास चित्राला दुसऱ्या कशाचीही गरज उरलेली नाही.

जवळ जाण्याइतकेच योग्य क्षण साधण्यालाही महत्त्व आहे. फ्रान्समधील आंरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराने १९३२ साली पॅरिसमधील साँ-लाझार स्थानकाच्या मागे एक चित्र घेतले. पाण्याने भरलेल्या आवारात एक शिडी आडवी पडली आहे. तिच्यावरून एका माणसाने पलीकडे उडी घेतली आहे. त्याची टाच पाण्याला आता लागेल, मग लागेल, अशा स्थितीत आहे. खाली स्थिर पाण्यात त्याचे प्रतिबिंब आहे आणि मागच्या भिंतीवरील जाहिरातीत तशीच उडी घेणारी नर्तकी आहे. निमिषभर उशीर झाला असता तर पाणी ढवळून प्रतिबिंब मोडले असते. कार्तिए-ब्रेसाँ लाकडी फळ्यांच्या कुंपणातील फटीतून पाहत होता. फट पुरेशी रुंद नसल्यामुळे चित्राच्या डाव्या बाजूला कुंपणाचा आडोसा आला. एरव्ही हा छायाचित्रकार चित्राच्या कडा कापण्याच्या विरुद्ध असे. चौकट जी काही ठरवावयाची ती कळ दाबण्यापूर्वीच ठरवावी, असा त्याचा आग्रह होता. या चित्रात मात्र त्याने तो निरुपयोगी भाग कापून टाकला. त्यामुळे जी उडी त्याने पाहिली होती, ती पाहणाऱ्याला निर्वेधपणे दिसू लागली.

छपाईच्या वेळी चालणारा विचार अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराच्या कामात दिसून येतो. १९४१ साली न्यू मेक्सिको राज्यातून मोटारीने जात असताना हर्नांडेझ या खेड्याजवळ त्याला एक अपूर्व देखावा दिसला. पूर्वेला हिमाच्छादित डोंगरांवर चंद्र उगवला होता. आणि मावळत्या सूर्याचे शेवटचे किरण खेड्यातील दफनभूमीच्या पांढऱ्या क्रुसांवर पडले होते. त्याने घाईघाईने कॅमेरा उभा केला; पण प्रकाश मोजण्याचे यंत्र काही सापडेना. चंद्राचे तेज किती असते, हा आकडा त्याला पाठ होता. त्यावरून त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि एक चित्र घेतले. दुसरे घेण्याच्या तयारीत असतानाच क्रुसांवरचे ऊन निघून गेले. अभ्यासाने मिळविलेले ज्ञान ऐन वेळी कसे उपयोगी पडते, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

त्या एका निगेटिव्हवरून अॅडम्सने पुढे अनेक वर्षे शेकडो प्रती छापल्या. आरंभीच्या प्रतींत आकाश काहीसे उजळ आहे आणि वर ढगांच्या फिकट रेषा दिसतात. पुढे पुढे तो आकाश अधिक गडद करीत गेला. शेवटच्या काळातील प्रतींत ते जवळजवळ काळेभोर झाले आहे, आणि त्यामुळे चंद्र व क्रूस अधिकच उजळले आहेत. अॅडम्सने तरुणपणी पियानोवादनाचे शिक्षण घेतले होते. निगेटिव्ह ही लिहून ठेवलेली स्वररचना आणि छापलेली प्रत हे तिचे वादन, असे तो मानी. एकच चीज गायक आज एका रंगात गातो आणि उद्या दुसऱ्या. चीज मात्र तीच राहते. अॅडम्सने चंद्र हलविला नाही, क्रूस वाढविले नाहीत. त्या सायंकाळी त्याच्या मनाला जे जाणवले, तेच त्याने प्रकाशछायेच्या भाषेत अधिक ठळक केले.

परंतु संस्करणाचे हे शस्त्र दुधारी आहे. ज्या हाताने चित्र स्पष्ट करता येते, त्याच हाताने ते खोटेही करता येते.

इंग्रज छायाचित्रकार रॉजर फेंटन १८५५ साली क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला होता. लंडनमध्ये १८५३ साली स्थापन झालेल्या छायाचित्रसंस्थेच्या प्रवर्तकांपैकी तो एक होता. पुढच्याच वर्षी मुंबईतही तशी संस्था निघाली, इतक्या झपाट्याने ही नवी कला जगभर पसरत होती. त्या काळी काचेवर ओले रसायन लावून चित्र घ्यावे लागे व त्याला कित्येक सेकंद लागत. धावपळीची लढाई त्यात टिपता येत नसे. म्हणून फेंटनने तोफगोळ्यांचा मारा होऊन गेलेल्या एका ओसाड दरीचे चित्र घेतले. या दरीची त्याची दोन चित्रे आहेत, आणि दोन्ही एकाच जागेवरून घेतलेली आहेत. एकात गोळे रस्त्याच्या कडेच्या चरात पडले आहेत आणि रस्ता मोकळा आहे. दुसऱ्यात रस्त्यावरही गोळे विखुरले आहेत. मग आधीचे चित्र कोणते? सैनिकांनी रस्ता साफ केला, की कोणी मुद्दाम रस्त्यावर गोळे आणून टाकले?

या प्रश्नावर पुष्कळ वाद झाला. २००७ साली एरॉल मॉरिस या अमेरिकन चित्रपटकाराने त्याचा छडा लावला. त्याने गोळे सोडून उतारावरच्या बारीक दगडांकडे लक्ष दिले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहता काही दगड एका चित्रात वर आणि दुसऱ्यात थोडे खाली घसरलेले आढळले. माणसांच्या पायांनी सुटलेला दगड खालीच घरंगळतो. आपोआप वर चढत नाही. ज्या चित्रात दगड खाली आहेत तेच नंतरचे, आणि रस्त्यावर गोळे आहेत ते नेमके तेच चित्र! म्हणजे रस्त्यावरचे गोळे मागाहून तेथे आले होते. ते कोणत्या हेतूने आले, हे दगड सांगू शकत नाहीत; परंतु जे चित्र अधिक भयंकर दिसते तेच जशी घटना घडली तसे असेल, असे धरून चालता येत नाही, एवढे त्यांनी शिकविले.

फेंटनच्या चित्राविषयी निदान शंकेला जागा आहे. सोव्हिएत रशियातील एका चित्राविषयी तीही नाही. १९३७ साली मॉस्कोजवळच्या नव्या कालव्याच्या काठी सत्ताधीश स्टालिनच्या शेजारी निकोलाय येझोव हा गुप्त पोलिसांचा प्रमुख उभा होता. हा येझोव स्वतः असंख्य माणसांच्या मृत्यूला कारणीभूत झालेला होता. पुढे त्याच्यावर सत्तेची इतराजी झाली आणि १९४० साली त्याला ठार मारण्यात आले. त्यानंतर त्या चित्रातून त्याची आकृतीही पुसून टाकण्यात आली. जेथे तो उभा होता तेथे कालव्याचे पाणी रंगविले गेले. चित्राची रचना बिघडली नाही. उलट ती अधिक मोकळी झाली! परंतु जो माणूस तेथे होता, तो कधी नव्हताच, असे ते चित्र सांगू लागले.

संगणक आल्यावर असे बदल फारच सोपे झाले. १९८२ साली 'नॅशनल जिऑग्राफिक' या मासिकाला इजिप्तमधील पिरॅमिडांचे एक आडवे चित्र उभ्या मुखपृष्ठावर बसवावयाचे होते. त्यासाठी संगणकाच्या साहाय्याने दोन पिरॅमिड एकमेकांजवळ आणण्यात आले. यात कोणाचे अहित झाले नाही; तरीही वाचकांकडून टीका झाली. हजारो वर्षे जागचे न हललेले पिरॅमिड जर छापखान्यात हलू शकतात, तर चित्रावर विश्वास कसा ठेवावा, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. आज तर खिशातल्या फोनवर बोट फिरविताच माणसे नाहीशी करता येतात आणि कॅमेरा न उचलताही हुबेहूब चित्र निर्माण करता येते. म्हणून वृत्तछायाचित्रांच्या क्षेत्रात एक दंडक पाळला जातो : कडा कापाव्यात, उजेड-अंधार मर्यादेत सुधारावा, पण चित्रात नसलेली वस्तू आणू नये आणि असलेली पुसू नये.

या दंडकाने लँगच्या चित्राची परीक्षा केली तर काय दिसते? त्या चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा आला होता. तो लँगला फार खटके. १९३९ च्या सुमारास तिने निगेटिव्हवर काम करवून तो अंगठा पुसून घेतला. तिच्या वरिष्ठांना हे रुचले नाही. सरकारी दप्तरातील चित्र म्हणजे पुरावा, त्याला हात लावू नये, असे त्यांचे मत होते. लँगच्या दृष्टीने तो अंगठा केवळ रचनेतील एक दोष होता. लक्षपूर्वक पाहिले, तर त्या जागी अंगठ्याची अंधुक छाया अजूनही दिसते.

तथापि त्या चित्रासंबंधी याहून गंभीर गोष्ट अंगठ्याची नव्हती. चित्र वृत्तपत्रात झळकताच खळबळ उडाली आणि सरकारने त्या छावणीकडे वीस हजार पौंड धान्यसामग्री धाडली. कित्येक भुकेल्या मजुरांच्या तोंडी घास पडला. परंतु तोपर्यंत ती आई आपल्या मुलांना घेऊन कामाच्या शोधात पुढे निघून गेली होती. लँगने तिचे नावही विचारले नव्हते. कुटुंबाने पोटासाठी मोटारीचे टायर विकले, असे लँगने लिहिले होते. पुढे त्या कुटुंबाने ते नाकारले. गाडी नादुरुस्त झाल्यामुळे आपण तेथे थांबलो होतो, असे त्यांचे म्हणणे होते. चित्र खरे असले तरी त्याखालच्या ओळीही तितक्याच काळजीने लिहाव्या लागतात, हे यावरून ध्यानात येते.

चाळीसहून अधिक वर्षे ती स्त्री निनावी राहिली. १९७८ साली एका वार्ताहराने तिला शोधून काढले, तेव्हा जगाला तिचे नाव कळले : फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ती चेरोकी या मूळच्या अमेरिकन जमातीतील होती. ज्या चित्राने आपला चेहरा घरोघर नेला, त्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, असे तिने खेदाने सांगितले. लँग १९६५ सालीच निवर्तली होती. तिला यावर काही बोलता येणे शक्य नव्हते. लँगलाही ते चित्र विकून धन मिळालेले नव्हते, कारण ते सरकारच्या मालकीचे होते. १९८३ साली थॉम्प्सन आजारी पडली आणि तिच्या मुलांनी मदतीची हाक दिली. तेव्हा ते चित्र पाहिलेल्या अनोळखी लोकांनी पत्रांबरोबर पस्तीस हजार डॉलरांहून अधिक रक्कम पाठविली. त्याच वर्षी तिचा अंत झाला.

लँगचे चित्र थोर आहे, यात संशय नाही. त्यात तिने जे ठेवले ते सारे खरे होते. परंतु चौकटीबाहेर जे राहिले, तेही खरेच होते. त्या स्त्रीचे नाव, तिची जमात, तिची मोठी मुलगी, तिची बिघडलेली गाडी, तिचा पुढचा सारा प्रवास, यांतले काहीच चित्रात मावले नाही. चौकट लहान असते. तिच्यात सर्व काही मावणार नाहीच. म्हणून छायाचित्रकाराने वगळताना आपल्या चित्राचा तर विचार करावाच. परंतु ज्याचे चित्र आहे त्याचाही करावा. आणि पाहणाऱ्यानेही चित्र पाहून झाल्यावर क्षणभर थांबून स्वतःला विचारावे, "या चौकटीबाहेर काय राहिले असेल?"

शाळेच्या त्या छायाचित्राकडे पुन्हा वळू या. छायाचित्रकाराने बादली दूर ठेवली, गुरुजींना सरकविले, तरी ते चित्र त्या वर्गाचेच राहिले. परंतु समजा, चित्र छापून आल्यावर कोणी म्हणाले, "कडेला बसलेल्या त्या मुलाचा सदरा फाटका आहे, त्याच्यामुळे चित्राची शोभा जाते. तेवढी कड कापून टाकावी." कात्री एकदाच चालेल आणि चित्र कदाचित अधिक नीटनेटकेही दिसेल. मात्र पन्नास वर्षांनी तो मुलगा ते छायाचित्र हाती घेऊन आपल्या नातवंडांना दाखवावयास बसेल, तेव्हा त्याला आपला वर्ग सापडेल, सारे सोबती सापडतील, गुरुजीही सापडतील. तो स्वतः मात्र कोठेच सापडणार नाही.

स्वाध्याय

१. झेंड्याचा खांब डोळ्यांना खटकला नाही, पण छायाचित्रात खटकला असता, असे का?
२. लँगने जवळ जाऊन घेतलेले चित्र दुरून घेतलेल्या चित्रांपेक्षा अधिक परिणामकारक का झाले?
३. फेंटनच्या दोन चित्रांपैकी आधीचे कोणते, हे दगडांवरून कसे ठरविता आले?
४. अॅडम्सने गडद केलेले आकाश आणि येझोवच्या जागी रंगविलेले पाणी, या दोन बदलांत कोणता फरक आहे?
५. लँगने अंगठा पुसून घेतला, हे योग्य की अयोग्य? आपले मत कारणे देऊन आठ-दहा ओळींत लिहा.
६. घरातील एखादे जुने छायाचित्र पाहा. त्याच्या चौकटीबाहेर काय राहिले असेल, हे वडीलधाऱ्यांना विचारून त्याविषयी एक परिच्छेद लिहा.